गळकी राहुटी

गेल्या श्रावणांत आमचें बालवीर पथक प्रबळगडाच्या पायथ्याशीं दोन दिवसांच्या मुक्कामास गेलें होतें. पनवेलच्या पूर्वेस सुमारें ७०० मीटर उंचीचा हा गड उभा आहे. समुद्रावरून येणारे ओले वारे त्याला व मागील माथेरानच्या डोंगराला अडून वर चढतात, निवतात आणि मुसळधार पाऊस पाडतात. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं जवळच्याच इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. तें स्मरून गुरुजींनीं उतारापासून दूर, उंचवट्याची जागा निवडली. आम्हीं मेखा ठोकल्या, तणावे ताणले व भोंवतालीं चर खणला.

राहुट्या जुन्या, जाड सुती कापडाच्या होत्या. "आंतून कापडाला हात लावूं नका," असें गुरुजींनीं बजावलें. सुती धागा भिजला म्हणजे फुगतो व विणीचीं छिद्रें बुजतात. परंतु बोट लागलें कीं तेथूनच पाणी आंत झिरपूं लागतें. आम्हीं बोटही लावलें नाहीं. तरी मध्यरात्रीं आमच्या राहुटीच्या शिवणींतून धार लागली, आणि आमच्यांतील सर्वांत लहान मुलगा झोपेंतच भिजून कुडकुडूं लागला. त्याला घोंगडींत गुंडाळून आम्हीं जवळच्या ठाकरवाडींत नेलें. एका आजीनें कांहींएक न विचारतां दार उघडलें व चूल पेटविली.

त्या चुलीजवळ बसलों असतां मला मागील वर्षींची गोष्ट आठवली. ती राहुटी मींच घडी करून ठेविली होती, आणि वाळविण्याचा कंटाळा करून ओलीच ठेविली होती! बुरशीनें शिवणीचा दोरा कुजला होता. हें दुसऱ्या कोणासही ठाऊक नव्हतें. रात्रभर मला झोप आली नाहीं.

सकाळीं मीं गुरुजींना सर्व सांगितलें. ते रागावले नाहींत. "हें त्या मुलालाही सांग," एवढेंच म्हणाले. तें मला अधिक जड गेलें, पण सांगितलें.

परत आल्यावर मीं राहुटी दोन दिवस उन्हांत वाळविली, शिवणी नव्यानें घातल्या व त्यांवर मेण घासलें. बालमित्रांनो, राहुटी गळते पावसांत, परंतु बिघडते ती आपल्या आळसानें. शेवटीं अंगणांत ती उभारून आम्हीं वरून बादल्या ओतल्या. आंत कोण बसणार, असें विचारतांच तोच लहान मुलगा पुढें झाला. थोड्या वेळानें आंतून आवाज आला, "दादा, मी कोरडा आहें!"