चिमुकल्या विमानास इंजिन कोणतें?

एकत्र कुटुंबांत कोणतीहि वस्तु विकत आणावयाची म्हणजे ती प्रथम बोलण्यांत येते, मग वादांत पडते आणि सर्वांचीं मतें घेऊन झाल्यावर शेवटीं बाजारांतून घरीं येते. पलंग असो, पाण्याचा पंप असो, ज्यास ती वस्तु वापरावयाची असते त्याचें मत बहुधा सर्वांच्या शेवटीं विचारलें जातें. गेल्या दिवाळीपासून आमच्या रानशेतच्या घरांत असाच एक वाद चालला होता. विषय मात्र आमच्या घराण्यांत यापूर्वीं कधींहि न निघालेला. खेळण्याच्या विमानास टू-स्ट्रोक इंजिन बसवावें कीं फोर-स्ट्रोक?

‘खेळण्याचें’ हा शब्द आमच्या नातीस खपत नाहीं. तिचें म्हणणें असें कीं, ज्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ५ फूट आहेत, ज्याचें वजन अडीच किलोच्या घरांत जातें आणि जें जमिनीवर उभें राहून रेडिओच्या साहाय्यानें हांकावें लागतें, त्यास खेळणें म्हणणें योग्य नव्हे. नात दहावींत आहे. बाल्सा लांकडाचा सांगाडा तिनें आपल्या हातानें जुळविला आणि त्यास चार महिने लागले. नातू पुण्यास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. तो फोर-स्ट्रोकचा कैवारी, ती टू-स्ट्रोकची. आमचे धाकटे बंधु दोघांच्याहि विरुद्ध. त्यांच्या मतें हा पैसा चिकूच्या बागेच्या कुंपणास लावणें शहाणपणाचें. पैसा नातीचा स्वतःचा, शिष्यवृत्तींतून सांठविलेला. तरीहि निर्णय तिनें करावयाचा, ही गोष्ट कोणाच्याच तोंडीं आली नाहीं. वादाचें खरें मर्म येथेंच आहे. परंतु त्याकडे वळण्यापूर्वीं यंत्राची हकीकत सांगितली पाहिजे. यंत्र समजून न घेतां मत देणें हा आम्हां वडीलधाऱ्यांचा जुना हक्क असला, तरी तो शोभणारा नव्हे.

इंजिन म्हणजे एक नळकांडें आणि त्यांत खालींवर सरकणारा दट्ट्या. फोर-स्ट्रोक इंजिनांत दट्ट्या चार वेळां सरकला म्हणजे एक काम पुरें होतें. पहिल्या खेपेस इंधन व हवा यांचें मिश्रण आंत ओढलें जातें, दुसऱ्या खेपेस तें दाबलें जातें, तिसऱ्या खेपेस तें पेटून दट्ट्यास खालीं लोटतें आणि चौथ्या खेपेस धूर बाहेर पडतो. एवढ्या अवधींत पंख्याचा दांडा दोन फेऱ्या घेतो, म्हणजे जोर मिळतो तो दोन फेऱ्यांत एकदांच. जर्मनींत निकोलाउस ऑटो यांनीं १८७६ सालीं ही पद्धति यशस्वी करून दाखविली. टू-स्ट्रोक इंजिनांत हींच कामें दोन खेपांत उरकतात. दट्ट्या वर जातांना वरचें मिश्रण दाबतो आणि त्याच वेळीं खालच्या पेटींत नवें मिश्रण ओढून घेतो. खालीं येतांना धुराची वाट मोकळी होते आणि पेटींतलें मिश्रण वर चढतें. त्यास निराळ्या झडपा लागत नाहींत. नळकांड्याच्या बाजूस असलेलीं भोंकें दट्ट्याच झांकतो व उघडतो. प्रत्येक फेरीस एक जोर.

मग टू-स्ट्रोक दुप्पट बळकट असावयास पाहिजे, असें वाचकांस वाटेल. तसें होत नाहीं. धूर बाहेर जातांना थोडें ताजें मिश्रणहि न जळतां त्याच्याबरोबर निघून जातें. ज्यांनीं १९७२ सालीं निघालेला बजाजचा चेतक स्कूटर वर्षानुवर्षें चालविला, त्यांस पेट्रोलांत तेल घालणें आणि मागें निळसर धूर सोडीत जाणें हें सांगावयास नकोच. धुराचे निर्बंध कडक होत गेले तशीं हीं इंजिनें रस्त्यावरून मागें पडलीं, आणि चेतक हें नांव २०२० सालीं परत आलें तें विजेवर चालणाऱ्या गाडीवर.

पतंजलीनें महाभाष्यांत म्हटलें आहे कीं, विद्या चार काळांनीं उपयोगास येते: गुरूपाशीं ती ग्रहण करण्याचा काळ, स्वतः घोळविण्याचा काळ, दुसऱ्यास शिकविण्याचा काळ आणि व्यवहारांत लावण्याचा काळ. फोर-स्ट्रोकची कृति नातवानें कागदावर काढून दाखविली तेव्हां आम्हांस या चार काळांचें स्मरण झालें. क्रम तंतोतंत जुळत नाहीं, तथापि ओढून घेणें, दाबून मुरविणें आणि मगच जोर करणें हा मार्ग तोच. टू-स्ट्रोक म्हणजे ऐकलें कीं लगेच उत्तर देणारा विद्यार्थी. त्याचें थोडें ज्ञान वायां जातें खरें, परंतु अशीं मुलें नसलीं तर वर्ग झोंपीं जातो, हा आमचा पस्तीस वर्षांचा अनुभव आहे.

चिमुकल्या विमानाचें इंजिन स्कूटरहून आणखी एका बाबतींत निराळें. त्यास पेट्रोल नव्हे तर मिथेनॉल लागतें. त्यांत शेंकडा १५ ते २० तेल आणि हवें असल्यास थोडें नायट्रोमिथेन मिसळतात. ठिणगीच्या प्लगाऐवजीं ग्लो प्लग असतो. अमेरिकेंत रे आर्डेन यांनीं तो १९४७ सालीं बाजारांत आणला. त्यांतील प्लॅटिनमयुक्त तार आरंभीं दीड व्होल्टच्या विजेनें लाल करावयाची. इंजिन चालूं झालें कीं वीज काढून घ्यावयाची. पुढें मिथेनॉलाच्या सान्निध्यानें आणि दाबाच्या उष्णतेनें ती तार आपोआप तप्त राहते. तेल म्हणून पुष्कळ लोक अजूनहि एरंडेल वापरतात. पहिल्या महायुद्धांतील कित्येक विमानांच्या इंजिनांतहि एरंडेलच असे. आमच्या वहिनींनीं या घरांतील तीन पिढ्यांस एरंडेल पाजलें आहे. विमानासहि तें लागतें हें ऐकून त्यांस फार समाधान वाटलें.

आतां दोन्ही पक्षांचीं म्हणणीं. नातवाचा पक्ष दुबळा नव्हता. राइट बंधूंनीं १७ डिसेंबर १९०३ रोजीं जें विमान उडविलें, त्याचें सुमारें १२ अश्वशक्तीचें इंजिन फोर-स्ट्रोकच होतें. तेव्हां वंश थोर. फोर-स्ट्रोक मोठा पंखा सावकाश फिरवितें, इंधन कमी खातें, मंद गतींतहि न अडखळतां चालतें. आवाज खर्जांतला, खऱ्या विमानासारखा. टू-स्ट्रोकची किंकाळी कानठळ्या बसविते. घरांत वहिनी अंथरुणास खिळलेल्या, तेव्हां हा मुद्दा केवळ हौसेचा नव्हता. जपानांत ओसाका येथें १९३६ सालीं स्थापन झालेल्या ओ. एस. कंपनीनें १९७६ सालीं अशा विमानांसाठीं फोर-स्ट्रोक इंजिन विक्रीस आणलें, तेव्हांपासून शोकीन मंडळींत त्याचा मान मोठा आहे.

नातीचें म्हणणें थोडक्यांत होतें. तिच्या विमानास टू-स्ट्रोकचें ४६ मापाचें इंजिन पुरतें. घनइंचाचे शंभर भाग केले तर त्यांतले ४६, म्हणजे सुमारें साडेसात घनसेंटिमीटर. तेंच काम फोर-स्ट्रोककडून घ्यावयाचें तर माप ६० ते ७० पर्यंत जातें. किंमत वाढते आणि वजनहि वाढतें. त्यांत झडपा, त्या उघडणाऱ्या काड्या, त्या काड्यांस हलविणारा निराळा दांडा, आणि झडपांमधील फट पातळ पट्टीनें मोजून नीट ठेवण्याची कटकट. मोटरसायकलवरून अनुमान करणाऱ्यास वाटतें कीं फोर-स्ट्रोकमध्यें तेल निराळें राहत असेल. परंतु या लहान इंजिनांत तें इंधनांतूनच जातें, म्हणून तेलकट धुरापासून सुटका दोहोंतहि नाहीं. शेवटचा मुद्दा तिनें मान खालीं घालून सांगितला. “आजोबा, शिकतांना विमान पडणारच. पडल्यावर जें मला जेवणाच्या टेबलावर उघडून जोडतां येईल, तें मला हवें.”

आमच्या सूनबाईंनीं तिसरा मार्ग सुचविला, विजेची मोटर व बॅटरी. धूर नाहीं, तेल नाहीं, आवाज थोडा. नवशिक्यास आज तोच मार्ग सर्वांत सोपा आहे, हें आम्ही पक्षपात न करितां नमूद करतों. नातीनेंहि तें नाकारलें नाहीं. तिचें उत्तर एवढेंच कीं, मोटरीवर उडविणें शिकतां येईल, पण आग बंद डब्यांत कशी काम करते तें शिकतां येणार नाहीं.

निर्णय सांगण्यापूर्वीं घराच्या सुरक्षिततेविषयीं दोन शब्द लिहिणें आम्ही कर्तव्य समजतों, कारण इंजिन कोणतेंहि घ्या, धोका दोहोंत सारखाच. मिथेनॉल हें विष आहे. तें पोटांत गेल्यास दृष्टि जाते, प्राणहि जातो. मुंबईंत मालवणी येथें जून २०१५ मध्यें विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं, तें विष हेंच. त्याची ज्योत दिवसाच्या उजेडांत दिसत नाहीं म्हटलें तरी चालेल. ज्या घरांत लहान मुलें आणि मंददृष्टि वृद्ध एकत्र नांदतात, तेथें तो डबा स्वयंपाकघरापासून दूर, कुलपांत आणि ठळक चिठ्ठी लावूनच ठेवावा. पंखा बोटानें फिरवूं नये; त्यासाठीं काठी अगर विजेचा स्टार्टर मिळतो. इंजिन चालूं असतां पंख्याच्या पुढें किंवा बाजूस कोणी उभें राहूं नये. फोर-स्ट्रोक कधीं उलट झटका देऊन पंखाच सैल करतें, म्हणून त्यास दुहेरी नट आंवळतात.

कायद्याकडेहि लक्ष हवें. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतचीं हौशी विमानें वेगळीं मानिलीं आहेत, परंतु तीं नजरेच्या टप्प्यांतच उडवावीं लागतात. आमच्या जिल्ह्यांत तारापूरचें अणुवीजकेंद्र आहे. तेव्हां आपलें शेत सरकारी नकाशांत कोणत्या रंगाच्या पट्ट्यांत येतें, हें पाहिल्यावांचून उड्डाणाची गोष्ट बोलूं नये. भात कापल्यावर रिकामीं झालेलीं खाचरें हीच आमच्याकडची मोकळी जागा. परंतु तेथें पाड्यावरील लोकांचीं गुरें चरत असतात, म्हणून त्यांस आधीं विचारणेंहि आलेंच.

घरांत वडील म्हणून शेवटचा शब्द आमच्याकडे आला. आम्हीं इतकेंच म्हटलें कीं, ज्याच्या नखांत तेल जाणार, निवड त्याची. मुलगी उद्यां शिकावयास पुण्यामुंबईस जाईल. तेथें कोणती विद्याशाखा घ्यावी, कोणाचें ऐकावें, कोणास नको म्हणावें, हें तिला एकटीला ठरवावें लागेल. साडेसात घनसेंटिमीटरचा निर्णय आज तिच्या हातीं दिला नाहीं, तर त्या दिवशीं तिनें तो कोठून शिकावा? मुलींच्या बाबतींत आपण त्यांची पेन्सिल निवडण्यापासून सासर निवडण्यापर्यंत सर्व भार उचलतों आणि मग त्यांस निश्चय नाहीं म्हणून कुरकुरतों. बंधूंनीं कुंपणाचा विषय आणखी एकदां काढला, पण पैसा तिचा आहे हें एकदां मोठ्यानें बोललें गेल्यावर तो फार वेळ टिकला नाहीं. नातवानें, पक्ष हरला असतांहि, रेडिओ-यंत्रास कमी पडणारी रक्कम आपल्या खर्चांतून दिली. वहिनींच्या खोलीकडे आवाज जाऊं नये म्हणून धुराड्यावर सायलेन्सर ठेवावयाचा आणि इंजिन गोठ्यामागेंच चालवावयाचें, या अटी नातीनें स्वतःच लिहून भिंतीस लाविल्या.

इंजिन फाल्गुनांत आलें. नवें इंजिन आरंभीं जादा इंधन देऊन, न घाईं करितां फिरवावें लागतें. लांकडी घोडीवर बसवून तिनें तें कसें चालविलें, किती वेळ चालविलें, केव्हां बंद पडलें, याची रोज टिपणी केली. पुढें परीक्षा आली, मग पाऊस आला. विमान अद्याप उडालेलें नाहीं. कार्तिकांत खाचरें मोकळीं होईपर्यंत तें पडवींत टांगलेलें आहे.

मध्यंतरीं बागेंतील औषधफवारणीचें यंत्र बंद पडलें. तेंहि टू-स्ट्रोकच. बंधूंनीं दोरी ओढून ओढून हात दुखवून घेतले, प्लग बदलला आणि शेवटीं तें डहाणूस दुरुस्तीस न्यावयास निघाले. नातीनें तें पडवींत उतरवून घेतलें, सायलेन्सर सोडविला, आंत सांचलेली काजळी खरडून काढली आणि परत बसविला. दोन झटक्यांत यंत्र चालूं झालें. बंधु कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं मात्र शेजारच्या बागवाल्याचें बिघडलेलें यंत्र ते स्वतः उचलून घेऊन आले आणि नातीची शाळा सुटेपर्यंत पायरीवर वाट पाहत बसले.