बास

आमच्या गॅरेजमध्ये अकरा रॉड उभे आहेत. नवऱ्याच्या मते त्यातले दहा जास्त आहेत. तो सांगलीचा, जन्माचा शाकाहारी, आणि शनिवारी पहाटे साडेचारला उठून तळ्यावर जाणारी बायको आपल्या वाट्याला का आली हे त्याला वीस वर्षांत कळलेलं नाही. मी अलिबागजवळच्या खारेपाटातली. खाडी, बांध, खाजणं आणि दारापुढच्या तळ्यात पाळलेला जिताडा हे बघत वाढले. टेक्सासात प्लेनोला येऊन स्थिरावल्यावर जवळ समुद्र नाही, खाडी नाही, म्हणून गोड्या पाण्यातल्या बासवर आले. सहा वर्षं झाली.

पहिल्या दोन वर्षांत मी जे पैसे घालवले त्याचा हिशेब घरात कोणाला दिलेला नाही. दुकानात आमिषांच्या भिंतीसमोर उभं राहिलं की लग्नाच्या बस्त्याला आल्यासारखं होतं. हा रंग घेऊ की तो, आणि हाही असू दे. फार उशिरा कळलं की त्या भिंतीवरची निम्मी आमिषं मासा पकडायला नसून माणूस पकडायला असतात. आता माझा नियम साधा आहे. पाणी नितळ असेल तर हिरवट-तपकिरी, गढूळ असेल तर काळा-निळा. बाकीचे शंभर रंग दुकानदाराच्या मुलांच्या शिक्षणासाठी.

रॉडचं तसं नाही. तिथे चुकलं की दिवसभर मनगट सांगत राहतं. रॉडच्या दोन गोष्टी लोक हमखास एकमेकींत मिसळतात, मीही मिसळल्या होत्या. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो ते. फास्ट ॲक्शनचा रॉड फक्त शेंड्याकडे वाकतो, त्यामुळे हाताची हालचाल लगेच गळापर्यंत पोचते. मॉडरेट रॉड अर्ध्यापासून कमानीसारखा वाकतो आणि झटका पोटात घेतो. तीन-तीन काट्यांचे दोन गळ लटकवलेलं क्रँकबेट पोहवायचं असेल तर असा मऊ रॉड हवा, कारण माशाने तोंडात घेतल्यावर तुम्ही घाईने ओढलंत की ते बारीक काटे निसटतात. गवतातून गांडूळ फिरवायचं असेल तर उलट, कडक शेंडा हवा. हे सगळं मला तोंडपाठ होतं, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता.

मग गेल्या मार्चमध्ये अप्पा आले.

अप्पा त्र्याहत्तर वर्षांचे. चार वर्षांपूर्वी पार्किन्सन्स निघाला. उजव्या बाजूला जास्त. हात मांडीवर नुसता ठेवला की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर गोळी वळल्यासारखी फिरत राहतात. काही उचलायला हात पुढे केला की थोडा थांबतो, धरून ठेवला की परत सुरू. दिवसातून चारदा सिंडोपा. डॉक्टरांनी सांगितलंय, गोळीच्या आसपास मासे-मटण नको, प्रथिनांमुळे औषध नीट भिनत नाही. आगरी माणसाला हे सांगायचं म्हणजे मोठंच धाडस. अप्पांनी आजारापेक्षा या पथ्याला जास्त शिव्या दिल्या आहेत.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी गॅरेज बघितलं. एकेक रॉड हातात घेऊन, डोळ्यांपाशी धरून, वाकवून बघितला.

"हे सगलं तुझं?"

"हो."

"आणि म्हावरा कुठला?"

"बास."

"बास? म्हंजे पुरे?" मग बराच वेळ स्वतःशीच हसत होते.

मी सांगितलं की आपल्या जिताड्याला इंग्रजीत एशियन सी बास म्हणतात. ते खूश झाले. मग हेही सांगितलं की नाव सोडलं तर दोघांचं काही नातं नाही, इथला लार्जमाउथ बास हा सनफिश नावाच्या अमेरिकी कुळातला. त्यांना ते पटलं नाही. तोंड बघून नातं ठरतं, असं त्यांचं म्हणणं. (जिताडा जन्मतः नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. ज्या माशाच्या आकारावरून पाहुण्याची किंमत ठरते, त्याबद्दल हे ऐकायची त्यांची तयारी असेल असं वाटत नाही.)

एक जुनी गोष्ट इथे सांगायला हवी. लहानपणी मी अप्पांबरोबर गरवायला जायचे. बांधाच्या उघाडीपाशी भरतीचं पाणी आत शिरायला लागलं की जिवंत कोळंबी लावून गरी टाकायची. रॉड कसला, रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस आणि शिशाचा तुकडा. बोटावर तंगूस धरायचा आणि गप्प बसायचं. बारा वर्षांची झाले तेव्हा एक दिवस अप्पा म्हणाले, आता तू नको येऊस. कारण दिलं नाही, लागलंही नाही. दुसऱ्या दिवसापासून भाऊ जायला लागला. भावाला त्यात कधीच रस नव्हता. आता तो पुण्यात असतो आणि मासे ऑनलाइन मागवतो.

अप्पांना घेऊन लेक फोर्कला जायचं मी ठरवलं. डॅलसपासून पूर्वेला दीड-दोन तासांवर. 1980 साली धरण बांधून तयार झालेला हा जलाशय. भरण्याआधी आतली झाडं मुद्दाम उभी ठेवली, माशांना आडोसा म्हणून. अजून पाण्यातून काळे बुंधे वर आलेले दिसतात. टेक्सासचा विक्रमी बास याच पाण्यातला, 1992 सालचा, 18.18 पौंड, म्हणजे सव्वाआठ किलो. हा आकडा ऐकून अप्पांनी नुसती मान हलवली. जिताडा याच्या दुप्पट-तिप्पट होतो.

आता प्रश्न, अप्पांच्या हातात काय द्यायचं.

माझा आवडता बेटकास्टर त्यांनी अंगणात एकदा फेकून बघितला. या रीलमध्ये फेकताना स्पूल स्वतः गरगरतो आणि त्याला अंगठ्याने आवर घालावा लागतो. आमिषाचा वेग कमी झाला आणि स्पूलचा झाला नाही, की आत दोरीचं घरटं होतं. ब्रेक असतात, बाजूला घट्ट-सैल करायची कळ असते, पण शेवटी काम अंगठ्याचं. आणि अप्पांचा अंगठा तर असा. दुसऱ्याच फेकीला इतका गुंता झाला की मी कात्री आणायला उठले. त्यांनी मला थांबवलं. खुर्ची ओढून बसले आणि थरथरत्या बोटांनी एकेक वेढा सोडवायला लागले. ऊन कलून गेलं. मी दोनदा चहा नेला. "तंगूस कापायचा नसतो," एवढंच म्हणाले. गुंता सुटला तेव्हा रील माझ्या हातात ठेवला आणि आत जाऊन झोपले.

मी ज्यांना विचारलं त्यांनी स्पिनिंग रील सुचवला. पण त्यातही तर्जनीवर दोरी अडकवून धरायची, तार उघडायची, नेमक्या क्षणी बोट सोडायचं. म्हणजे पुन्हा बोटच.

राहिला तो पोरांचा रील. झेबको 33. बंद डबीतला, मागे एक बटण. बटण दाबून धरायचं, फेकताना सोडायचं, बस. गंभीर बासवाले याकडे ढुंकूनही बघत नाहीत, सहा वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाला द्यायची वस्तू समजतात. मीही त्यातलीच. पण याच्या जन्माची गोष्ट मला आवडते. ओक्लाहोमातल्या टल्सा गावी तेलविहिरींसाठी स्फोटकं बनवणारी एक कंपनी होती, झीरो अवर बॉम्ब कंपनी. तिच्याकडे आर. डी. हल नावाचा टेक्सासचा घड्याळजी गुंता न होणाऱ्या रीलची कल्पना घेऊन गेला. 1949 साली पहिले रील निघाले. झेबको हे त्या बॉम्ब कंपनीचंच आखूड केलेलं नाव. 33 हे मॉडेल 1954 पासून आहे. मला पंचवीसेक डॉलरना मिळाला.

आत दहा पौंडांची साधी मोनोफिलामेंट होती, तीच ठेवली. मी स्वतः फ्लुरोकार्बन किंवा वेणीची ब्रेड वापरते, कारण मोनो ताणली जाते आणि माशाचा स्पर्श पुसट येतो. पण ताणणारी दोरी चूक माफ करते, आणि अप्पांसाठी मला माफ करणारी दोरी हवी होती. रॉड साडेसहा फुटी, मीडियम, कमानीने वाकणारा, हलका. आमिषांत क्रँकबेट बाद. सहा काटे आणि थरथरता हात यांची भेट मला घडवायची नव्हती. एकच गळ, त्याचा उलटा काटाही मी पक्कडने दाबून टाकला, आणि त्यावर मधोमध टोचलेलं पाच इंची रबरी गांडूळ. याला वॅकी रिग म्हणतात. दोन्ही टोकं लोंबतात, पाण्यात हळू खाली जाताना वळवळतात. रबरी गांडुळाची सुरुवात निक क्रीम नावाच्या माणसाने 1949 साली ओहायोत केली. नंतर त्याचा कारखाना टायलरला आला, लेक फोर्कपासून फार लांब नाही.

राहिला हाताचा प्रश्न. झेबकोचा दांडा डावीकडे-उजवीकडे दोन्हीकडे लागतो. मी खूप विचार करून रॉड डाव्या, म्हणजे बऱ्या हातात राहील असा लावला. निघायच्या आदल्या रात्री अप्पांनी तो हातात घेतला आणि विचारलं, "हा उलटा कशाला लावलास?"

मी म्हटलं, "तुम्हाला सोपं जाईल."

"उजव्या हातात काय वाईट हाय?"

मी काही बोलले नाही. पाना आणला, दांडा काढला आणि दुसरीकडे लावला.

आम्ही एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी गेलो. काठावरची एक खोली भाड्याने घेतली होती, पुढे लाकडी धक्का. परवाना फोनवर काढला होता, अप्पांचा बाहेरगावचा, एका दिवसाचा. मासा चावतो पहाटे आणि गोळी अंगी लागायला जातो पाऊण-एक तास, म्हणून मी त्यांना साडेपाचलाच उठवून गोळी दिली. बासची वीण अजून पुरती संपली नव्हती. नर काठच्या उथळ पाण्यात शेपटीने खळगा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि हा तिथेच राखण करत बसतो.

पहिल्या तीन फेकी पायाशीच पडल्या. बटण सोडायचं कधी ते जुळेना. चौथी बुंध्याच्या बाजूला गेली. गांडूळ खाली बसलं. आता दोरी सैल ठेवून रॉडच्या शेंड्याला अधूनमधून हलका हिसका द्यायचा असतो, मी सांगायला तोंड उघडलं आणि बघितलं, तर अप्पांनी रॉड नुसता धरला होता. उजव्या हातात. शेंडा थरथरत होता. बारीक, एकसारखा, न थांबता. हे करायला मला मनगट दुखेस्तोवर सराव करावा लागला होता.

त्यांच्याही लक्षात आलं. "आज हाताला काम मिलालं," म्हणाले. पाण्याकडेच बघत होते.

मासा लागला तेव्हा त्यांनी हाक मारली नाही. रॉड अर्ध्यापासून वाकला आणि तसाच राहिला. मी जाळी घेऊन धावले. "थांब गं बाय, घाई नको," हे मी चौतीस वर्षांनी ऐकत होते. दांडा फिरवताना डावा हात अडत होता, तर ते रॉड मागे घेऊन, मग पुढे झुकून ढिलावलेली तेवढीच दोरी गुंडाळत होते. बास दोनदा उडाला. शेवटी जाळीत आला. मोजला, एकोणीस इंच.

आणि मग आमचं भांडण झालं.

लेक फोर्कवर सोळा ते चोवीस इंचांमधला बास ठेवता येत नाही. लगेच सोडायचा. लहान ठेवा, चोवीसच्या वरचा एक ठेवा, मधला नाही. हे मी त्यांना आधी सांगितलं नव्हतं. एकोणीस इंचांचा मासा लागेल असं मी धरलंच नव्हतं, खरं तर मासाच लागेल असं धरलं नव्हतं.

"बारका खायचा आणि मोठा सोडायचा? उलटा कायदा."

"मधले वाढले तर मोठे होतात, अप्पा. म्हणून."

"उद्या मरंल तो. कोणाच्या कामाचा?"

"सोडा अप्पा. दंड होतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माशाकडे. खालच्या जबड्यात अंगठा घालून त्यांनी तो धरला होता, मी दाखवायच्या आधीच. गुडघ्यांवर बसायला मी हात दिला. पाण्यात त्यांनी तो थोडा वेळ धरून ठेवला. गेला तेव्हा म्हणाले, "तू लहान होतीस तेव्हा तुझ्याच गरीला जास्त लागायचा."

मी वाट बघितली. पुढे काही बोलले नाहीत. म्हणाले, "गोली उतरली, आत चल."

दुपारी मी चौदा इंची दोन धरले. संध्याकाळच्या गोळीपासून लांब, रात्री नऊला, घरून आणलेल्या मसाल्यात कालवण केलं. अप्पांनी दोनदा घेतलं आणि निकाल दिला, "मीठ नाय याच्या अंगात. पाण्याचाच गुण."

मे महिन्यात ते परत गेले. रॉड बॅगेत मावला नाही, रील मात्र मोज्यांत गुंडाळून नेला, गांडुळांच्या दोन पिशव्यांसकट. पावसाळ्यानंतर एकदा त्यांचा फोन आला. बांबूच्या काठीला रील बांधलाय. उघाडीपाशी जातात, शेजारचा पोरगा सोबत असतो. दोन जिताडे लागून तुटून गेले.

"जाडा तंगूस पाठव. आणि गांडूल काला-निला पाठव, तो हिरवा नको. आपलं पाणी गढूल हाय."