बोल्टच्या डोक्यावरचे आकडे

तुमच्या मोटारसायकलच्या ब्रेकजवळचा बोल्ट कधी निरखून पाहिलाय का? बऱ्याच बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असे आकडे असतात. पुष्कळांना वाटतं, हा कंपनीचा नंबर असेल. तसं नाही. ती त्या बोल्टची ताकद आहे, आणि ती समजायला शाळेतला गुणाकार पुरतो.

पाचवीच्या वर्गात मी असे दोन-तीन बोल्ट टेबलावर ठेवते. 8.8 घ्या. टिंबाआधीच्या 8 ला 100 ने गुणा, आले 800. म्हणजे तुटण्याआधी दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन, साधारण 80 किलो वजनाएवढा ताण तो सोसतो. टिंबानंतरचा 8 सांगतो, की त्याच्या आठ दशांश, म्हणजे 640 न्यूटनच्या पुढे बोल्ट कायमचा ताणला जातो. 10.9 चे हेच आकडे 1000 आणि 900. आणि 4.6 चे? फक्त 400 आणि 240!

माझ्या गाडीवर मागे रोज माझी लेक बसते. ब्रेकचा एक बोल्ट बदलायचा होता. गॅरेजमधल्या दादांनी डब्यातून त्याच मापाचा बोल्ट काढला, पण डोकं कोरं. मी म्हटलं, "दादा, जुन्यावर 8.8 आहे, तसाच द्या ना." ते हसले, "मॅडम, बसतोय ना, मग झालं!" मी दुकानातून 8.8 चाच आणून दिला. कारण बसणं वेगळं आणि टिकणं वेगळं.

मग सगळीकडे सर्वांत जास्त ताकदीचा 12.9 लावावा का? तेही नको. जितकं कठीण पोलाद, तितकं ते कमी ताणलं जातं आणि अचानक तडकण्याचा धोका वाढतो. शिवाय किती कसायचं हे माप मूळ बोल्टवरून ठरवलेलं असतं. चकचकीत स्टेनलेसलाही भुलू नका. ए2-70 शिक्क्याच्या बोल्टची ताकद 700 च, म्हणजे 8.8 पेक्षा कमी.

म्हणून जुना बोल्ट दुकानात घेऊन जा. जाडी, लांबी, आटे आणि डोक्यावरचा आकडा, चारही जुळवा. नटही त्याच तोडीचा घ्या. काही गाड्यांच्या इंजिनातले बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवेच लावा. नंबरप्लेटचा बोल्ट कोरा चालेल; ब्रेक, चाक आणि स्टिअरिंगचा मात्र वाचूनच लावा.