मैलापूरचा तिल्लाना

1993 साली नोकरीतील बदलीमुळे मी मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, राहावयास गेलो. मैलापुरात सांथोमच्या बॅसिलिकेपासून पायी जाण्याच्या अंतरावर एका जुन्या घराच्या माडीवर मला खोली मिळाली. संत थॉमसची कबर जेथे आहे त्या मंदिरात लेकाला रोज मिस्सेला जाता येईल, हे ऐकून वसईला आईला कोण आनंद झाला होता! खालच्या मजल्यावर घरमालकीण राहत. साऱ्या गल्लीच्या त्या ‘मामी’; मीही त्यांना मामीच म्हणू लागलो. वय सत्तरीपुढचे, पण भल्या पहाटे मुली त्यांच्याकडे गाणे शिकावयास येत.

त्याच वर्षी ऑक्टोबरात आई गेली. निरोप मिळून, गाडी पकडून मी वसईला उतरलो तेव्हा दफनविधी होऊन एक दिवस उलटला होता. परत आल्यावर ध्यानात आले की, माझी प्रार्थना बंद पडली आहे. श्रद्धा गेली होती, असे म्हणवत नाही. मिस्सेला जात होतो, गुडघे टेकत होतो. परंतु ‘नमो मरिया’ ओठांशी येई आणि परत जाई. रोझरी खिशात तशीच पडून राही.

डिसेंबर उजाडला. आपला आगमनकाळ संपत येतो तेव्हा तमिळ पंचांगातला मार्गळी महिना सुरू होतो. त्या दिवसांत मैलापुरात आणि आसपासच्या सभागृहांत सकाळपासून रात्रीपर्यंत कर्नाटक संगीताच्या मैफली चालतात. मामींच्या वर्गात तेव्हा तिल्लाना चालला होता. ‘धीं तोम् तन’, ‘तकदिमि’, ‘किटतक तरिकिट तोम्’ असे बोल पहाटेच्या अंधारातून माडीवर येत. उजव्या हाताने मांडीवर आदितालाची आवर्तने चालत: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधले बोट; पुन्हा टाळी आणि हात उलटा, टाळी आणि हात उलटा. अशा आठ मात्रा. तीनची ‘तकिट’, चारची ‘तकदिमि’, पाचची ‘तकतकिट’ अशी अक्षरांची मोजमापे त्या मुलींना पाढ्यांसारखी पाठ होती. झोपमोड झाल्याच्या रागात मी एकदा मामींना म्हणालो, “ज्या गाण्याला अर्थच नाही, ते इतके घोकायचे कशाला?” मामी रागावल्या नाहीत. त्यांनी मैफलीचे एक तिकीट माझ्या हातावर ठेवले.

मी गेलो. तीन तास तेलुगू, तमिळ आणि संस्कृत रचना झाल्या. श्रोते माना डोलवीत होते, कोणी डोळे टिपत होते. मला एक ओळ कळत नव्हती. इतक्या माणसांत मी एकटाच बाहेरचा होतो. मुख्य रचनेनंतर मृदंग आणि घटम् यांचे दीर्घ वादन झाले, छोटी गाणी झाली आणि शेवटी तिल्लाना सुरू झाला. आता कोणालाच काही ‘कळायचे’ नव्हते. शेजारच्या आजोबांचा हात मांडीवर पडत होता, तसाच माझाही पडू लागला.

आपल्याकडच्या तराण्याचाच हा दक्षिणेतला भाऊबंद. पल्लवी आणि अनुपल्लवी बहुधा नुसत्या बोलांची. चरणात मात्र एखाद-दुसरी अर्थपूर्ण ओळ येते, तीत पुष्कळदा रचनाकाराची मुद्रा असते, आणि गाणे पुन्हा बोलांकडे वळते. त्रावणकोरचे महाराज स्वाती तिरुनाळ (1813–1846) यांचा धनाश्री रागातला तिल्लाना प्रसिद्ध आहे. आमच्या काळात लालगुडी जयरामन (1930–2013) यांचे तिल्लाने गायक-वादकच काय, नर्तकीही आवडीने घेत. नृत्याच्या कार्यक्रमातही त्याची जागा शेवटाकडेच. नृत्याचा हा क्रम तंजावरच्या चौघा बंधूंनी, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू यांनी लावला. हे बंधू मराठी राजे दुसरे सरफोजी यांच्या दरबाराशी संबंधित होते. हे मला मामींकडून कळले, याची मराठी माणूस म्हणून थोडी लाजच वाटली.

त्या रात्री परतल्यावर मी मामींना विचारले, “शेवटी हेच का गातात?” त्या म्हणाल्या, “देवाला सांगायचे ते सगळे आधीच्या गाण्यांत सांगून होते. तरी आत काहीतरी उरतेच ना? ते कोणत्या शब्दांत सांगणार?”

पुष्कळ वर्षांनी आमच्या एका धर्मगुरूंनी संत ऑगस्टीनचे स्तोत्रांवरील भाष्य मला वाचावयास दिले. शेतात, द्राक्षमळ्यात राबणारी माणसे आधी शब्द गातात; मग आनंद शब्दांत मावेनासा झाला की अक्षरे सोडून नुसता आवाज काढतात, आणि ज्या देवाविषयी बोलता येत नाही व गप्पही बसवत नाही त्याच्यापुढे असेच गावे, अशा आशयाचे त्यात आहे. वाचताना मामी आठवल्या. ऑगस्टीन आनंदाविषयी लिहितो, हे खरे. दुःखाचेही तसेच होत असावे, एवढे मी माझ्या पदरचे म्हणतो.

त्या रात्री माडीवर झोप येईना. हात अजून आदिताल धरून होता. टाळी, करंगळी, अनामिका... आणि आई आठवली. वाडीत केळींना पाणी लावताना तिच्याजवळ रोझरी नसे. ती बोटांच्या पेरांवर ‘नमो मरिया’ मोजी, आणि सुरुवात करंगळीपासूनच करी. मी अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवला. तोंडाने काहीच म्हणालो नाही. नुसती दहा पेरे मोजली, पुन्हा दहा मोजली. तिसऱ्या दशकात कोठेतरी शब्द आले.

नाताळच्या मध्यरात्री सांथोमला तमिळ गायनवृंदामागे उभा राहून मी आलेलुया गायलो. त्यांच्या गीतांतला तेवढाच एक शब्द मला ठाऊक होता.