जॉब म्हणजे लोखंडाचा तुकडा

आयटीआयच्या कार्यशाळेत ‘जॉब’ या शब्दाचा अर्थ नोकरी असा नसतो. तिथे जॉब म्हणजे विद्यार्थ्याच्या हातातला लोखंडाचा तुकडा. तो वाइसमध्ये आवळायचा, कानशीने घासायचा, मग त्याला गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, तर पुन्हा घासायचा. हा अर्थ आम्हांला ठाऊक नव्हता. देगलुरातील एका तंत्रशिक्षण संस्थेत आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा दारातच एक मुलगा उदास चेहऱ्याने म्हणाला, “सर, जॉब बिघडला.” त्याची कुठली तरी अर्धवेळ नोकरी सुटली असावी, असे समजून आम्ही त्याचे सांत्वन करू लागलो. त्याने निमूटपणे हातातला तुकडा आम्हांला दाखवला. एका कोपऱ्यात तो सूतभर जास्त घासला गेला होता.

मराठीच्या अध्यापकाचे तिथे काय काम, असा प्रश्न वाचकांना पडेल. संस्थेला ‘व्यक्तिमत्त्व विकास आणि मुलाखततंत्र’ या विषयावर व्याख्याने हवी होती आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाला बोलता येते, असा आपल्याकडे एक गोड समज आहे. आम्हीही नकार दिला नाही. वस्तुतः नोकरी मिळवण्याच्या बाबतीत आमच्याइतका अनधिकारी माणूस शोधून सापडला नसता. नेट उत्तीर्ण झाल्यानंतरची सात वर्षे आम्ही तासिका तत्त्वावर काढली. एवढ्या काळात किती मुलाखती दिल्या, याची मोजदाद ठेवणेही सोडून दिले होते. परंतु उपदेश करण्यासाठी अनुभवातले यश लागतेच असे नाही.

आम्ही बाजारातल्या दोन-तीन पुस्तिका चाळल्या आणि एक नमुना उत्तर तयार केले. मुलाखतीतला पहिला प्रश्न सर्वत्र सारखाच असतो: ‘स्वतःविषयी सांगा.’ त्यासाठी आमचे उत्तर सात वाक्यांचे होते. त्यातले तिसरे वाक्य असे: ‘माझे वडील कष्टाळू शेतकरी असून प्रामाणिकपणाचा वारसा मला त्यांच्याकडून मिळाला आहे.’ वाक्य आम्हांला आवडले होते. त्यात ग्रामीण महाराष्ट्र होता, संस्कार होते, थोडी लयही होती. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले, पाठ केले, एकमेकांना म्हणून दाखवले. आम्ही उच्चार सुधारले. ‘प्रामाणिकपणा’तला ण बाणातला आहे, हे तीनदा सांगितले.

पुढे एका कारखान्याची माणसे निवडीसाठी आली. त्या दिवशी आम्ही कौतुकाने व्हरांड्यात थांबलो होतो. चौथ्या-पाचव्या मुलानंतर आतून हसण्याचा आवाज आला. मुलाखत घेणाऱ्याने, आम्हांला नंतर कळले, विचारले होते, “तुमच्या गावात सगळ्यांचे वडील कष्टाळूच आहेत काय?” इथवर तो विनोद होता. नवव्या क्रमांकाच्या मुलाला मात्र त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: “शेती किती? यंदा पेरा कशाचा?” मुलगा गप्प उभा राहिला. पुन्हा विचारल्यावरही गप्पच राहिला. त्याच्या नावापुढे काय शेरा पडला ते आम्ही पाहिले नाही, पण निवडयादीत त्याचे नाव नव्हते.

हा तोच मुलगा, ज्याचा जॉब बिघडला होता. दोन दिवसांनी तो रस्त्यात भेटला. आम्ही काहीशा नाराजीने विचारले, “अरे, एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही तुला?” तो म्हणाला, “सर, माझे वडील शेतकरी नैत. मोंढ्यात हमाल आहेत. तुम्ही लिहून दिलं तसंच म्हन्लो मी.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर बरे झाले असते.

त्या रात्री आम्हांला दुसऱ्या दिवसाच्या तासाची टाचणे काढायची होती. विषय होता प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’. 1979 साली प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन आमच्या शेजारच्या उदगीर परिसरातले आहे; आईवडिलांविना वाढलेल्या एका मुलाची शिक्षणासाठीची वणवण त्याच मुलखाच्या बोलीत त्यात येते. त्याआधीच्या वर्षी ‘बलुतं’ आले होते, नंतरच्या वर्षी ‘उपरा’ आले. या पुस्तकांनी मराठी आत्मचरित्राला काय दिले, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत: आपल्या बापाचे, आपल्या वस्तीचे, आपल्या भुकेचे नाव न बदलता ते लिहिता येते, हे त्यांनी दाखवले. सकाळच्या तासाला हे शिकवायचे आणि दुपारच्या व्याख्यानात एका हमालाच्या मुलाला उसना बाप लिहून द्यायचा, असा आमचा उद्योग चालला होता. यातली विसंगती कळायला आम्हांला त्या मुलाचे अपयश लागले.

‘स्वतःविषयी सांगा’ ही दोन मिनिटांत सांगायच्या आत्मचरित्राचीच मागणी असते. मागणारा अनोळखी, भाषा बहुधा हिंदी किंवा इंग्रजी, आणि सांगणाऱ्याला आयुष्यात याआधी हा प्रश्न कुणीही विचारलेला नसतो. आपला अभ्यासक्रम या बाबतीत फारसा उपयोगी पडत नाही. बारावीच्या ‘युवकभारती’त उपयोजित मराठीच्या भागात मुलाखत हा घटक आहे; पण तिथला भर मुलाखत घेणाऱ्याने काय तयारी करावी, प्रश्न कसे काढावेत यांवर आहे. आपण मुलांना थोरामोठ्यांना प्रश्न विचारायला शिकवतो. त्यांना स्वतःला कुणी काही विचारील, ही शक्यता आपण गृहीतच धरलेली नाही.

पुढच्या खेपेस आम्ही नमुना उत्तर फाडून टाकले आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायला लावली: तुझ्या हातून झालेले एक काम, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सुरुवातीला शांतता. मग तो नवव्या क्रमांकाचा मुलगा उठला. तो इलेक्ट्रिशियनच्या वर्गातला आणि सुट्टीत मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जाणारा. उन्हाळ्यात थ्री-फेजपैकी एक फेज गेली तरी मोटर चालू राहते, उरलेल्या दोन तारांवर भार येतो आणि गुंडाळी जळते. शेतकरी रात्री पाणी द्यायला जातो तेव्हा हे त्याच्या ध्यानात येत नाही, असे त्याने सांगितले. मग जळकी गुंडाळी काढताना वेढे कसे मोजायचे, तारेची जाडी मायक्रोमीटरने का पाहायची, खाचांत कागद कसा बसवायचा, वार्निश का द्यायचे, आणि पाण्यात बुडून चालणाऱ्या सबमर्सिबल मोटरला वार्निश न देता प्लास्टिकच्या वेष्टणाची तार का वापरावी लागते, हे सारे तो सांगत गेला. एकदा वेढे मोजताना आपण चुकलो, मोटर गरम झाली, मालकाने सगळी गुंडाळी पुन्हा काढायला लावली, हेही त्याने सांगितले. हे निवेदन आमच्या सात वाक्यांहून सर्व अर्थांनी सरस होते. त्यात कार्यकारणभाव होता, चूक होती, चुकीची दुरुस्ती होती, आणि सांगणारा माणूस दिसत होता. तंत्रशाखेच्या विद्यार्थ्याला आम्ही आता एवढेच सांगतो: स्वतःची विशेषणे सांगू नकोस, स्वतःचे काम सांग, आणि त्यात एक चूक असू दे, कारण चूक सांगता येणे ही काम खरोखर केल्याची खूण असते.

आणखी एक गोष्ट मुलांचे बायोडाटा वाचताना दिसली. ‘अवगत भाषा’ या रकान्यात जवळजवळ सर्वांनी मराठी, हिंदी, इंग्रजी असे लिहिले होते. तेलुगू आणि कन्नड कुणीही लिहिले नव्हते. देगलूर तेलंगण आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या सीमेलगत आहे. बाजाराच्या दिवशी ही मुले तिन्ही भाषांत घासाघीस करतात, शिवाय दखनीत भांडतात. पण ज्या भाषेची परीक्षा दिली नाही, ती भाषा येते असे त्यांना वाटतच नाही. उलट जी इंग्रजी बोलताना घाम फुटतो, ती मात्र ठळक अक्षरांत. हैदराबाद इथून पुण्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे आणि त्या रस्त्यावर पाटणचेरूसारखी मोठी औद्योगिक वसाहत लागते. तिथे काम शोधणाऱ्या मुलाला तेलुगू येणे हा गुणच ठरावा.

भाषेचा हा प्रश्न या मुलखाला नवा नाही. 1948 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवले. त्यासाठी आधीच, 1917 मध्ये, स्वतंत्र भाषांतर विभाग उभारला. देशी भाषेत तंत्रशिक्षण देता येते, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले. मात्र मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला ती भाषाही शिकूनच घ्यावी लागे. 2021 साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकीची पदवी शिकवण्यास मान्यता दिली. आनंदाची गोष्ट आहे. तथापि वर्गातली भाषा बदलली, तरी नेमणुकीच्या पत्राची भाषा बदललेली नाही.

आणि इथेच, आमच्या मते, साहित्याच्या अध्यापकाचे खरे काम सुरू होते. नेमणुकीचे पत्र ही एक संहिता आहे आणि ती बारकाईने वाचावी लागते. पत्र कारखान्याचे आहे की कंत्राटदाराचे? ‘ट्रेनी’ म्हटले आहे की 1961 च्या कायद्याखालचा शिकाऊ उमेदवार? शिकाऊ उमेदवाराचा करार नोंदवला जातो, त्याला विद्यावेतन मिळते. पण तो कायद्याने कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी असतो, आणि मुदत संपल्यावर नोकरी मिळेलच असे नाही. भविष्यनिर्वाह निधीची कपात लिहिली आहे काय? मध्येच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल? मूळ प्रमाणपत्रे जमा करून घेणार आहेत काय? आणि नोकरी देण्याआधी ‘नोंदणी’ म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर पुढचे वाचण्याची गरज नाही. कर्ता लपवणारे वाक्य कसे ओळखावे, हे आपण कवितेच्या आणि कथेच्या तासाला शिकवत असतो. ते कौशल्य इथे कुणाच्या तरी भाकरीला उपयोगी पडते. आम्ही स्वतः सात वर्षे नेमणुकीचे आदेश याच नजरेने वाचत होतो. ती वर्षे अगदीच वाया गेली नाहीत, असे आता वाटते.

त्या मुलाने नवा बायोडाटा स्वतः लिहिला. ‘वडिलांचा व्यवसाय’ या ओळीत ‘हमाली, मोंढा, देगलूर’ असे होते. भाषा पाच होत्या. अखेरीस ती ठरावीक ओळ होतीच: वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे. हे वाक्य आम्ही शेकडो अर्जांवर वाचले आहे, पण वाचता वाचता थांबलो तो तेव्हाच.

काही महिन्यांनी तो एक पत्र घेऊन घरी आला. शिकाऊ उमेदवार म्हणून निवड झाली होती. आम्ही अभिनंदन करून चहा सांगितला, पण त्याचे बोट दुसऱ्या पानावरच्या एका ओळीवर होते.

“सर, मुदत झाल्यावर कायम करण्याचं हितं लिवलंय. पन ते ‘शॅल’ हाय का ‘मे’?”

आम्ही चष्मा लावला. ‘मे’ होते.

“मग ठीक,” तो म्हणाला, “कळून गेलेलं बरं.” आणि पत्राची घडी घालून त्याने ते खिशात ठेवले.