खोली भाड्यानं देणे आहे

पाटी वाचून आत गेलो की पहिला सवाल भाड्याचा नसतो. "आडनाव काय?" आडनाव सांगितलं की खोली तिथंच भरते. दिवसा कॉलेज, रात्रपाळीला सूतगिरणी. पाठ टेकायला दहा बाय दहा पुरे. तिलाही जात लागते. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून काठ्या दाखवून हुसकावलं. परदेशी शिक्षण होतं, छप्पर नव्हतं.

पण दोस्तांनो, नुसतं जळून भागत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं अस्पृश्यतेपायी कुणाला घरात राहू न देणं गुन्हा आहे. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा सांगतो : करार लेखी आणि नोंदलेला हवा, नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंद नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरायचं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. भाड्याची पावती देणं त्याला भाग.

मी खोलीत बाबासाहेबांचा फोटो लावला. आठवड्यात मालकानं नळ तोडला. सहा महिन्यांच्या पावत्या पुढं ठेवल्या, कलम २९ वाचून दाखवलं : सबळ कारणाशिवाय पाणी-वीज तोडता येत नाही. दुसऱ्या दिवशी पाणी आलं. फोटो तिथंच आहे.

कवितेच्या वहीत मी पावत्या ठेवतो. तुम्हीपण जपा.