चाचीचा बोकड आणि आमचा ग्रुप

बकरी ईदला चार दिवस उरले की तुर्भे स्टोअरच्या गल्ल्या बदलतात. पोरं पाल्याच्या जुड्या घेऊन पळतात, देवनारहून टेम्पोतून बोकड येतात. आमच्या शेजारची चाची दरवर्षी बोकडाला नाव ठेवते. (नाव ठेवू नये, मग कापवत नाही, असं सांगणारीही तीच!) बुद्धविहाराच्या कट्ट्यावरून मी हे लहानपणापासून बघतोय.

हल्ली मात्र टेम्पोवर ताडपत्री असते आणि बोकड रात्री उतरतात. जून २०२३ मध्ये मीरा रोडच्या एका सोसायटीत बोकड आणले म्हणून जमाव जमला, हनुमान चालिसा म्हटली गेली. ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. त्याच महिन्यात, २९ तारखेला, ईद आणि आषाढी एकादशी एकत्र आली, तेव्हा राज्यात ठिकठिकाणी मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचं ठरवलं. ते किती जणांनी फॉरवर्ड केलं?

यंदा ‘वस्तीत जनावरं आणू देऊ नका’ हा मेसेज आमच्याच ग्रुपवर आला. टाकणारा १४ एप्रिलच्या मिरवणुकीत सर्वात पुढे नाचणारा. मी त्याला विचारलं, भावा, १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचं मूळ बौद्धांच्या तिरस्कारात आणि गोमांसभक्षणात शोधलंय, ते वाचलंस का? २०१५ च्या कायद्यानं बैलाचं मांसही बंद झालं, तेव्हा ताट फक्त मुसलमानाचंच रिकामं झालं का?

त्यानं मेसेज काढला. उत्तर दिलं नाही.

चाचीनं यंदा बोकड आतल्या खोलीत बांधलाय.